दात काढण्याआधी नसेचा विचार करा

आमच्या वस्त्यांत तोंडाचे दुखणे म्हणजे दाताचे दुखणे, हे जणू ठरूनच गेले आहे. गाल ठणकला की मिसरी लावायची, लवंग धरायची, रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन 'कीड पाडायची', आणि तरीही थांबले नाही तर दात काढून टाकायचा. पाटण तालुक्यात मोरणा खोऱ्यात जा, तारळ्याकडे जा नाहीतर ढेबेवाडीकडे, ही वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. एक दात गेला, दुसरा गेला, तरी कळ तशीच राहिली म्हणजे माणूस खचतो. मग कोणी अंगारा आणतो, कोणी म्हणतो, हिच्या डोक्यातच काहीतरी बिघडले आहे. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे, की तोंडाचे प्रत्येक दुखणे दाताचे नसते. एक दुखणे चेहऱ्याच्या नसेतून उठते. त्याला नाव आहे आणि त्यावर स्वस्त गोळीही आहे.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे त्याचे नाव. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक मोठी नस मेंदूकडून येते आणि तिला तीन फाटे फुटतात: एक कपाळ-डोळ्याकडे, एक गालाकडे आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. बहुतेक रुग्णांत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाबत असते. वायरीवरचे प्लास्टिक झिजले की ठिणगी उडते, तसे नसेचे आवरण झिजते आणि साधा स्पर्शही मेंदूला वेदना म्हणून पोहोचतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना हा आजार जास्त होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

याची ओळख पटवणाऱ्या खुणा साध्या आहेत. कळ विजेचा झटका बसावा तशी येते आणि काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत जाते. पण दिवसातून कितीतरी वेळा येते. ती चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते. तोंड धुणे, दात घासणे, घास चावणे, बोलणे, गालावर वारा लागणे, एवढ्यानेही ती उठते. पाटणच्या पावसाळी वाऱ्यात पदराने गाल घट्ट झाकून बसणारी, चार-चार दिवस पेजेवर राहणारी आणि विचारले तर तोंडच न उघडणारी बाई रुसलेली नसते. बोलले की कळ येते म्हणून ती गप्प असते. तिचा रोज बुडतो, अंग खंगते, आणि जगणे नकोसे झाल्याचे ती बोलून दाखवते. ते बोलणे घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये. अशा वेळी तिला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

सिनेनट सलमान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि २०११ साली अमेरिकेत जाऊन उपचार घेतले. हे वाचून कोणाला वाटेल, की हा श्रीमंतांचा आजार आणि उपचारही श्रीमंतांचेच. तसे नाही. या आजाराचे पहिले औषध कार्बामाझेपिन. १९५३ साली स्वित्झर्लंडमधल्या गायगी कंपनीत ते तयार झाले आणि १९६२ साली स्वीडनचे डॉक्टर ब्लोम यांनी ते या दुखण्यावर चालते असे मांडले. आज ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याची एक गोळी एका कप चहापेक्षा स्वस्त पडते. मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी ही कळ जात नाही. या गोळीने मात्र बहुतेक रुग्णांना सुरुवातीला चांगला आराम पडतो.

इथे एक अडचण येते. ही गोळी फिटसाठीही देतात. कोणीतरी पाकीट बघून म्हणतो, "ही तर फेफऱ्याची गोळी," आणि घरचे घाबरून ती बंद करतात. लग्नाची मुलगी असेल तर लपवाछपवी सुरू होते. आमचे म्हणणे असे, की एकच गोळी दोन आजारांवर चालू शकते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि फिट येणे हीसुद्धा लाजेची गोष्ट नाही.

ही गोळी मनाने मात्र घ्यायची नाही. डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप येते, चक्कर येते, तोल जातो; म्हणून त्या दिवसांत विहिरीवर, उतारावर किंवा यंत्रावर काम टाळावे. रक्तातले सोडियम आणि पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गर्भ राहिला असेल, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या किंवा दुसरे कोणतेही औषध चालू असेल तर आधी सांगावे. बरे वाटले म्हणून गोळी एकदम तोडू नये. वय चाळिशीच्या आत असेल, गाल बधिर होत असेल किंवा दोन्ही बाजूंना दुखत असेल, तर एमआरआय करून दुसरे कारण शोधणे जरुरीचे आहे. गोळीने भागले नाही तर दुसरी औषधे आहेत, आणि नसेवरची रक्तवाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रियाही आहे.

दुखणे मुकाट्याने सोसणे हा मोठेपणा नव्हे. बाबासाहेबांनाही मधुमेह आणि पायांच्या नसांचे दुखणे होते. त्यांनी डॉक्टरांकडून उपचार घेतले आणि काम चालू ठेवले.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. म्हणून पाटणचे ग्रामीण रुग्णालय, कराडचे उपजिल्हा रुग्णालय, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय ही आपल्या हक्काची ठिकाणे आहेत. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

आमच्या मागण्या तीन. दातांच्या डॉक्टरांनी ठणठणीत दिसणारा दात काढण्याआधी कळ कशी येते, किती वेळ टिकते, कशाने उठते, हे विचारावे. तालुक्याच्या रुग्णालयात ही गोळी आणि तिच्यासाठी लागणारी रक्ततपासणी कायम उपलब्ध असावी. महिन्याच्या गोळ्यांसाठी कराडची एसटी धरायला लागू नये. आणि तिसरी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा या आजाराचे नाव सर्वांना ऐकवा. महिला मंडळाने आणि आशाताईंनी घरोघरी विचारावे, की दात काढूनही कोणाचा गाल दुखतो का. असा एक जरी माणूस सापडला, तर त्याला पुढचा दात काढण्याआधी रुग्णालयात घेऊन जा.