मीटर शून्यावर आणू नये

जुनी परदेशी मोटारसायकल विकत घेऊन तिला पुन्हा मूळ रूपास आणण्याचा छंद जोवर मुंबई-पुण्याच्या धनिक हौशी मंडळींपुरता सीमित होता, तोवर त्यासंबंधी धाराशिव जिल्ह्यातील वाचकाने विशेष विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु वाड्याच्या ढेलजेत किंवा शेतातल्या आखाड्यावर कडब्याआड आजोबांच्या अमदानीतील एखादी बीएसए, एखादी ट्रायम्फ अथवा विलायती बनावटीची बुलेट निपचित पडून असेल, तर तिचा सुगावा लागलेले गिऱ्हाईक आज दोनशे मैलांवरून दारी येते, आणि आपल्याकडील तरुणही हैदराबाद, सोलापूर, पुणे येथून अशा गाड्या मोबदला देऊन घरी आणू लागले आहेत. या सर्व व्यवहारांत पहिला प्रश्न एकच विचारला जातो : गाडी किती फिरली आहे? आणि उत्तरादाखल विकणारा हँडलवरील मीटरकडे बोट दाखवतो. पाच वर्षांच्या गाडीस हा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही शोभतात. परंतु जिचे वय पाऊणशे वर्षांच्या घरात गेले आहे अशा यंत्राच्या बाबतीत मीटरवरील आकडा हा उपलब्ध साक्षीदारांपैकी सर्वांत दुबळा साक्षीदार होय, आणि दुरुस्तीनंतर तो आकडा शून्यावर आणून ठेवणारा माणूस गाडीचे सौंदर्य वाढवीत नसून तिच्या चरित्राचे एक पान फाडून टाकीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाड्या इकडे आल्या कशा, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९५५ साली मद्रासेत एन्फिल्ड इंडिया स्थापन होईपर्यंत आपल्या रस्त्यांवरील मोटारसायकली परदेशातूनच येत. रेडिचहून रॉयल एन्फिल्ड, बर्मिंगहॅमहून बीएसए आणि नॉर्टन, लंडनहून मॅचलेस, चेकोस्लोव्हाकियातून जावा. दुसऱ्या महायुद्धात एकट्या बीएसए कंपनीने एम-२० या पाचशे सीसी जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या लष्करास पुरवल्या, हार्ले-डेव्हिडसनने डब्ल्यूएलए जातीच्या सुमारे ९० हजार. आणि युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेल्या लष्करी मालाचे लिलाव झाले, तेव्हा त्यांतील कित्येक ठेकेदारांच्या, डॉक्टरांच्या व बागाईतदारांच्या हाती आल्या. दिल्लीत तर याच हार्ले गाड्यांच्या मागे प्रवाशांची बैठक जोडून त्यांच्या ‘फटफट्या’ केल्या गेल्या, आणि १९९८ साली प्रदूषणाच्या कारणास्तव बंद होईपर्यंत त्या रस्त्यावर राबत होत्या. पन्नास वर्षे ज्या यंत्राने अर्धा डझन उतारू वाहिले, त्याच्या मीटरवर आज कोणताही आकडा दिसला तरी त्याचा अर्थ काय लावावा?

मद्रासच्या आरंभीच्या बुलेटचे सुटे भागही रेडिचहूनच येत आणि येथे केवळ जोडले जात, त्यामुळे १९५८ सालची मद्रासची गाडी ‘अस्सल इंग्लंडची’ म्हणून विकणारे लोक आहेत व त्यांचे बोलणे पूर्ण खोटे आहे असेही म्हणता येत नाही. तथापि विलायतेत जुळलेली गाडी आणि विलायती भागांची येथे जुळलेली गाडी यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो टाकीवरच्या बिल्ल्यावरून नव्हे तर इंजिन व चासी यांवरील ठोकलेल्या क्रमांकांवरूनच ठरवला पाहिजे. १९४६ साली स्थापन झालेल्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटरसायकल क्लबाने अनेक जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या सांभाळून ठेवल्या आहेत आणि क्रमांक कळवल्यास गाडीचे निर्मितीवर्ष त्यांतून काढून मिळते. ज्या क्रमांकाभोवतीचा धातू कानशीने घासलेला दिसतो, किंवा ज्याचे आकडे एका ओळीत व एका वळणाचे नाहीत, त्या गाडीपासून कितीही मोह झाला तरी दूर राहावे.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १९४८ पूर्वी धाराशिव निजामाच्या अमलाखाली, आणि सोलापूर ब्रिटिश हद्दीत. तेव्हा मुंबईस अथवा सोलापुरास खरेदी केलेली वस्तू इकडे आणायची तर वाटेत करोडगिरीचे नाके लागे आणि जकातीचा भरणा करावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य याच सोलापूर रस्त्याने नळदुर्गास आले, बोरी नदीवरील पूल त्यांनी शाबूत हस्तगत केला, आणि काही दिवसांतच ती राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. म्हणजे एखाद्या देशमुखांच्या वाड्यातील मोटारसायकल जागची न हलता तीन सरकारांच्या दफ्तरांतून गेली. तिचे पहिले कागद उर्दूत, मधले इंग्रजीत, नंतरचे मराठीत. आणि १९८९ नंतर तिला कधी एमएच-२५ असा क्रमांक मिळाला असेल, तर त्या क्रमांकावरून तिच्या पहिल्या चाळीस वर्षांचा काहीही बोध होत नाही.

आता मीटरचा हिशेब पाहू. १९५१ सालच्या एखाद्या ब्रिटिश गाडीवर १८,४०० हा आकडा आहे असे समजा. प्रथम हे मैल आहेत, किलोमीटर नव्हेत, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. किलोमीटरांत तो आकडा साडेएकोणतीस हजारांवर जातो. तरीही पाऊणशे वर्षांनी भागले असता वर्षाला चारशे किलोमीटरसुद्धा भरत नाहीत, आणि एवढे अंतर तर धाराशिवहून सोलापूरला तीनदा जाऊन आले की पुरे होते. ज्या काळात गावात एकच मोटारसायकल असे आणि तीच डॉक्टरांची, तीच निरोपाची, तीच बाजारहाटाची, त्या काळातील मालक वर्षातून तीनदाच सोलापूरला गेला असेल हे संभवनीय नाही. मग दोन शक्यता उरतात. एक तर मीटरची केबल तुटून ते वर्षानुवर्षे मुके राहिले, जे अत्यंत सामान्य होते, कारण केबल तुटल्याने गाडी अडत नाही आणि विलायती केबल मिळत नसे. किंवा पाच आकड्यांचे ते मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे जाऊन पुन्हा शून्यापासून चालू लागले, आणि खरा आकडा एक लाख मैलांनी अधिक आहे. यांतली कोणती शक्यता खरी, हे मीटर सांगू शकत नाही. दुसऱ्या गाडीचे मीटर बसवलेले असल्यास तर प्रश्नच संपला.

ते इंजिन सांगू शकते, आणि त्यासाठी ते उघडलेच पाहिजे. सिलिंडरचे हेड काढून पिस्टनचा माथा पुसला की त्यावर वीस, चाळीस अथवा साठ असा आकडा ठोकलेला दिसतो. इंचाच्या हजारांश भागांत सिलिंडर किती मोठा करावा लागला, याची ती नोंद आहे. मूळ मापाचा पिस्टन म्हणजे एक तर अल्प प्रवास किंवा नवी स्लीव्ह. चाळीस म्हणजे किमान एकदा, बहुधा दोनदा बोअर मारलेला. साठ म्हणजे त्या सिलिंडरचे आयुष्य बहुतेक संपत आलेले. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवावा. आडवे थोडे हलणे स्वाभाविक आहे, परंतु उभे हलणे बिग एंड गेल्याचे लक्षण होय, आणि क्रँक उघडून पिन बदलणे हे या साऱ्या दुरुस्तीतील सर्वांत खर्चिक काम आहे. गिअर पडल्यावर आपोआप निसटत असेल तर आतील दाते गोल झाले आहेत. मागील स्प्रॉकेटचे दाते एका बाजूस कलले असतील तर त्यावरून निदान दोन-तीन साखळ्या गेल्या आहेत. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर येताच ते किंचित अडकत असेल तर तेथील गोळ्यांनी कपात खळगे पाडले आहेत, आणि हे बहुधा खडबडीत रस्त्यावरच्या दीर्घ प्रवासाने घडते. ब्रेकच्या पायटीवर आणि किकच्या दांड्यावर धातू किती झिजून चकचकीत झाला आहे, लिव्हरची छिद्रे गोल राहिली आहेत की लांबट झाली आहेत, या क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींतून मालकाच्या हातापायांची साक्ष मिळते, आणि ही साक्ष फिरवून घेण्याची कला कोणत्याही दलालास अद्याप साधलेली नाही.

नट-बोल्टही बोलतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे व्हिटवर्थ आणि त्याच्या भावंड-पद्धतींचे. त्यांचे पान्हे वेगळे. जेथे मेट्रिक बोल्ट ठोकून बसवलेला आढळतो तेथे एखाद्या घाईच्या मिस्त्रीचा हात फिरला आहे असे समजावे, आणि असे बोल्ट किती व कोठे आहेत यावरून गाडीची निगा कोणी राखली याचा अंदाज येतो. चासीच्या मागील भागी वेल्डिंगचे जोड असतील तर तिच्यावर दुधाचे कॅन लादले गेले असावेत, हे भूम-परंड्याकडील माणसाला सांगावे लागत नाही. उलट पत्र्याच्या बाबतीत आपल्या कोरड्या प्रदेशाने या यंत्रांवर उपकारच केले आहेत. समुद्रकाठची टाकी आतून गंजून चाळण होते, आणि बालाघाटाच्या पठारावर पडून राहिलेली टाकी पुष्कळदा मूळ रंगासह शिल्लक सापडते. म्हणून कोकणातील ‘कमी फिरलेल्या’ गाडीपेक्षा कळंबच्या आखाड्यावरील भरपूर फिरलेली गाडी मी अधिक पसंत करीन. झिजलेला भाग लेथवर पुन्हा घडवता येतो; गंजून गेलेला मूळ पत्रा परत मिळत नाही.

ज्यांना गाडी थेट ब्रिटनहून आणावयाची आहे त्यांच्या हाती मात्र एक उत्तम साधन आहे. तेथे १९६० पासून जुन्या वाहनांची वार्षिक तपासणी चालू झाली, तिच्या दाखल्यांवर मीटरचा आकडा नोंदला जाऊ लागला, आणि गेल्या वीस वर्षांतील तपासण्यांचा इतिहास गाडीच्या क्रमांकावरून घरबसल्या पाहता येतो. २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना ही तपासणी माफ झाली आहे. तरी त्यापूर्वीच्या दाखल्यांचा गठ्ठा ज्या गाडीसोबत आहे, तिच्या मीटरला एरवी नसलेली प्रतिष्ठा प्राप्त होते, कारण तेथे आकडा एकटा उभा नसून वर्षावर्षाच्या आकड्यांची साखळी त्याच्या पाठीशी असते. आयातीचे नियम मात्र वारंवार बदलतात, तेव्हा विदेश व्यापार महासंचालनालयाची चालू अधिसूचना वाचल्यावाचून परदेशी विक्रेत्यास एक पैसाही पाठवू नये.

आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, हे स्वागतार्ह आहे. ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आयात गाडीसाठी कस्टमचे बिल ऑफ एंट्री आणि येथील गाडीसाठी जुने आरसी बुक, अशी त्यांची रचना आहे. पूर्वी नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापरास चालणार नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणावी, ही अटही मला न्याय्य वाटते. परंतु चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, या अटीचा अर्थ मिस्त्रीच्या बाकावर नेमका काय लावावयाचा? मूळ सिलिंडरला बोअर मारणे हा फेरबदल नव्हे, ती निगा आहे, हे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. नाही तर प्रामाणिक माणूस केलेले काम लपवू लागेल, आणि लबाड माणूस न केलेल्या कामाची पावती आणील.

याहून महत्त्वाची मागणी आपल्या जिल्ह्यापुरती आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामी मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरे उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणारे लोक शोधून बसवले गेले, आणि कित्येक दशके न हललेले कागद तपासले गेले. प्रश्न अर्थातच फार मोठा, लाखो कुटुंबांच्या हक्काचा होता, आणि मोटारसायकलींच्या छंदाची त्याच्याशी बरोबरी मी करीत नाही; परंतु शासनाने मनावर घेतले तर जुनी दफ्तरे वाचता येतात हे त्यातून सिद्ध झाले. तोच कित्ता वाहनांच्या जुन्या नोंदवह्यांबाबत गिरवावा, जेथे त्या शिल्लक असतील तेथून त्यांच्या प्रतिमा काढून ठेवाव्यात, आणि सातबाऱ्याची नक्कल मिळते तशी वाहनाच्या पहिल्या नोंदीची प्रमाणित नक्कल शुल्क भरून अर्जदारास मिळावी. त्याबरोबरच प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी मीटरचा आकडा, तो मैलांत आहे की किलोमीटरांत हे नमूद करून, नोंदवणे बंधनकारक करावे.

आणि मालकांनी आपल्या बाजूने एवढे करावे. इंजिन उघडण्यापूर्वी मीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे. काढलेला पिस्टन, झिजलेले बुश, जुना स्प्रॉकेट भंगारात न घालता तारीख लिहून जपावे. मीटर दुरुस्त केले तर आकडा होता तेथूनच पुढे चालू द्यावा, आणि नवे बसवावे लागले तर जुन्याचा अखेरचा आकडा वहीत लिहून मिस्त्रीची सही घ्यावी. अशी वही आणि जुन्या भागांची पेटी ज्या गाडीसोबत येईल, तिचा रंग उडालेला असला आणि मीटर लाख मैलांच्या पुढे गेलेले असले तरी, शून्यावर आणलेल्या चकचकीत गाडीपेक्षा तिला अधिक किंमत मोजण्यास मी तयार आहे, आणि खरेदीसाठी निघालेल्या प्रत्येक तरुणास तसेच करण्याची माझी विनंती आहे.