भंगार आणि संग्रहालय यांच्या मधोमध

पुण्याहून नगरकडे येताना शहराच्या तोंडाशीच केडगाव लागते. (दौंड तालुक्यातील रेल्वे स्थानकाचे केडगाव ते निराळे.) १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस धावली ती याच पुणे-नगर मार्गावर. या केडगावात पत्र्याच्या शेडखाली चौदा वर्षे उभी असलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी एका निवृत्त गृहस्थांनी अलीकडेच पुन्हा चालू केली. घटना घरगुती आहे. परंतु तिच्या निमित्ताने आपल्या मोटारविषयक धोरणातील एक मोठी फट नजरेस येते, म्हणून हा प्रपंच.

बंद पडलेली मोटार चालू करणे म्हणजे नवी बॅटरी बसवून किल्ली फिरविणे, अशी पुष्कळांची समजूत असते. तशी घाई करणारा माणूस इंजिनाचा घात करतो. प्रथम प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे थोडे ऑइल सोडावे लागते आणि ते दोन-चार दिवस मुरू द्यावे लागते. मग इंजिन हाताने फिरते की नाही हे पाहायचे. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा एव्हाना राळेसारखा चिकट थर झालेला असतो, टाकी आतून गंजलेली असते आणि कार्बोरेटरमधील बारीक छिद्रे बुजून गेलेली असतात. क्लचची प्लेट चिकटलेली, ब्रेकच्या सिलिंडरमधील रबर कडक झालेले, पॉइंटवर गंज. यांत ब्रेकचे काम सर्वांत आधी, हा जुन्या मिस्त्रींचा दंडक होता व तो योग्यच आहे: जी गाडी थांबणार नाही ती चालवून करायचे काय? केडगावच्या या गाडीचे काम ज्या मिस्त्रींनी केले ते साठी उलटलेले आहेत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला व दुसरे कानाला लावून ते आतला दोष ओळखतात. त्यांच्या हाताखाली शिकणारा आज कोणीही नाही.

या मोटारीचे फाजील कौतुक करण्याचे कारण नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, इटलीच्या फियाटच्या नमुन्यावरून ती निघत असे. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची सक्ती. मागणी होती, पण उत्पादन परवान्याच्या चौकटीत कोंडलेले होते. १९८३ मध्ये मारुती आल्यावर ग्राहकाने कौल कोणत्या बाजूला दिला हे सर्वांना ठाऊक आहे. त्या रांगा पुन्हा याव्यात असे मला मुळीच वाटत नाही. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वीस वर्षांच्या मर्यादेमुळे हद्दपार झाली, तेव्हा जे अश्रू ढाळले गेले त्यांतले बरेचसे ती कधी ढकलावी न लागलेल्यांचे होते.

आता कायद्याकडे वळू. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आकार, नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, मेळावा किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. दुसऱ्या टोकाला भंगार-धोरण. जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढणाऱ्याला नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. यांच्या मधोमध केडगावची पद्मिनी उभी आहे. तिला पन्नास वर्षे होतील ती २०३६ मध्ये. तोवर वीस वर्षांवरील मोटार म्हणून, २०२५ च्या ऑगस्टमधील सुधारणेप्रमाणे, नोंदणीच्या नूतनीकरणास १०,००० रुपये, तपासणी वेगळी, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शिवाय विलंबाच्या दर महिन्याला ५०० रुपये जादा आकाराची तरतूद आहेच. चौदा वर्षे जी गाडी एक थेंबही पेट्रोल न जाळता उभी राहिली तिच्यावर हा बोजा कोणत्या तत्त्वाने बसतो? प्रदूषणाची किंमत प्रदूषण करणाराने द्यावी हे अर्थशास्त्राचे तत्त्व मला मान्य आहे. कार्बोरेटरवरील जुने इंजिन दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक घाण सोडते, हेही खरे. पण मग आकारणी धावलेल्या अंतरावर हवी, जन्मसालावर नव्हे.

इंधनाची कथा तर आपल्या जिल्ह्याला अधिक जवळची. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली तर पाणी तळाशी वेगळे होऊन टाकी गंजते. जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्याने फुगतात, भेगाळतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, त्या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलणे हा प्रमाद ठरेल, आणि उसाला दुसरी बाजारपेठ मिळाली याचा आनंद मलाही आहे. तरीही जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व वॉशर सहज मिळतील, एवढी तजवीज धोरणकर्त्यांनी करावयास हवी होती.

मागणी फार मोठी नाही. वीस ते पन्नास वर्षांमधील खासगी मोटारींसाठी एक मधला वर्ग निर्माण करावा. वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा, मीटरची तपासणी, ब्रेक व धुराची कडक परीक्षा आणि त्या मानाने अल्प आकार. त्याच्या जोडीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा वयस्क मिस्त्रींना मानधनावर बोलावून वर्षातून काही आठवडे शिकवू द्यावे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार जतन केलेली आहे. लष्कराला जे साधते ते मुलकी खात्यांना अशक्य का असावे?

दुरुस्तीचा एकूण खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक झाला, हे मालकांनी न विचारताच सांगितले. नोंदणीची मुदत २०११ मध्ये संपलेली असल्याने गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मिस्त्री आठवड्यातून एकदा येतात, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतात, आवाज ऐकतात आणि शेडचे दार लावून घेतात.