‘शहाण्या’ घराचा राखणदार कोण?

भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्यास पोहोचविणारी रो-रो सेवा मार्च २०२०मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे लोकार्पण झाले आणि मुंबईकराच्या लेखी अलिबाग हे एक उपनगरच होऊन बसले. आवास, सासवणे, किहीम, झिराड, नागाव येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून शनिवारी उघडणारी आणि रविवारी सायंकाळी कुलूपबंद होणारी घरे उभी राहिली. अशा घराची उरलेले पाच दिवस राखण कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर घेऊन बाजार तत्परतेने हजर आहे. दाराशी कॅमेऱ्याची घंटा, बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप, मोबाईलवरून लागणारे दिवे आणि दिवाणखान्यात हुकूम झेलणारी एक बोलकी डबी. या साऱ्याला ‘स्मार्ट होम’, म्हणजे शहाणे घर, असे गोंडस नाव आहे.

हे शहाणपण विकत घेण्याजोगे आहे काय? कोकणच्या किनाऱ्याने याचे उत्तर ३ जून २०२० रोजीच देऊन ठेवले आहे. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी मुळासकट उन्मळल्या. घराचे पत्रे उडाले की राहिले, वाडीतले किती माड उभे आहेत, ही बातमी मुंबईतल्या मालकाला कळली ती कोणा शेजाऱ्याने उंच टेकाडावर जाऊन, दूरच्या मनोऱ्याची रेघ पकडून फोन केला तेव्हाच. वीज नाही आणि नेट नाही, अशा वेळी शहाण्या घराइतके अडाणी घर दुसरे नसते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ याच किनाऱ्याजवळून गेले. वादळे यापुढे येणार नाहीत, अशी हमी कोणत्या कंपनीने दिली आहे?

वादळाचीही गरज नाही. या उपकरणांची रचनाच मुळात परावलंबी आहे. माजघरातला दिवा लावण्याची आज्ञा बहुतेक वेळा घरातल्या घरात न राहता देशोदेशीच्या संगणकांपर्यंत जाते आणि तेथून परत येते, तेव्हा दिवा लागतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या दुपारी, अमेरिकेतील ॲमेझॉनच्या संगणक केंद्रात बिघाड झाला. जगभर ‘अलेक्सा’ गप्प झाली, दारावरच्या कॅमेऱ्यांच्या घंटा निकामी झाल्या. कहर म्हणजे काही धनिकांचे ‘स्मार्ट’ पलंगही हट्टाला पेटले. कोणाची गादी तापून राहिली, तर कोणाच्या पलंगाचा माथा उचललेला तो उचललेलाच! आपल्या आजोबांच्या बाजेची सुंभे सैल पडत असत, हे खरे. पण ती आवळण्यासाठी सातासमुद्रापलीकडची परवानगी लागत नसे.

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली होते, हा व्यवहाराचा सनातन नियमही येथे लागू नाही. ‘रिव्हॉल्व’ नावाचे घर चालविणारे यंत्र गूगलच्या ‘नेस्ट’ने आपल्या ताब्यात घेतले आणि मे २०१६मध्ये त्याचा संगणकीय आधारच काढून घेतला. ग्राहकांच्या हाती उरला तो निव्वळ डबा. एप्रिल २०२२मध्ये ‘इन्स्टिऑन’ या अमेरिकी कंपनीने कोणालाही पूर्वसूचना न देता आपले सर्व्हर बंद केले. खाऱ्या वाऱ्यात पितळी कडीकोयंडा हिरवा पडतो, पण दोन पिढ्या निभावतो. त्याच वाऱ्यात इलेक्ट्रॉनिक कुलपाच्या आतली नाजूक जोडणी किती पावसाळे काढील, हे विक्रेत्यास विचारून पाहावे.

एक जुनी गोष्ट येथे आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. विजेच्या गोंगाटापासून दूर, शांत जागा म्हणून शास्त्रज्ञांनी जे गाव निवडले, त्याच गावी आज विश्रांतीसाठी येणारा माणूस घरात पाऊल टाकताच प्रथम वायफाय चालते का, ते पाहतो.

परंतु यापेक्षा गंभीर बाब पाळतीची आहे. चोर बाहेरून येतो, या समजुतीने आपण कॅमेरा लावतो. तो कॅमेराच घरभेदी निघाला तर? ॲमेझॉनच्या ‘रिंग’ कॅमेऱ्यांतून ग्राहकांच्या शयनगृहांतील चित्रीकरण कंपनीचे कर्मचारी पाहत होते, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३मध्ये ठेवला. ‘रिंग’ने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याबद्दल ‘अलेक्सा’पायी आणखी अडीच कोटी डॉलर द्यावे लागले. आपल्याकडील स्थिती निराळी नाही. सरकारी संस्थांमधील सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असून त्यांतील चित्रे परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे, हे केंद्र सरकारनेच २०२१मध्ये सांगितले होते. नेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांची आज्ञावली सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून घेणे एप्रिल २०२५पासून बंधनकारक झाले, ते उशिरा सुचलेले पण योग्य शहाणपण. गलवाननंतर मोबाईलमधली चिनी ॲप हिरिरीने काढून टाकणाऱ्या किती घरांनी दारावरचा कॅमेरा कोणाच्या बनावटीचा आहे, हे उलटून पाहिले? कायद्यावरही विसंबू नये. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. मालकाच्या कॅमेऱ्यात दिवसभर टिपली जाणारी धुणेभांडी करणारी बाई किंवा वाडीत शिंपणे करणारा गडी यांनी कोणाकडे दाद मागावी?

आता सुरक्षिततेचे म्हणाल, तर या किनाऱ्याने त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली आहे. फेब्रुवारी १९९३मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. ते मुंबईस पोहोचले आणि १२ मार्चला २५७ जणांचे प्राण गेले. पहारा नव्हता असे नाही. पहारेकरी विकले गेले होते. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काहींना टाडा न्यायालयाने पुढे शिक्षा सुनावल्या. याउलट ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरजवळ तीन एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका किनाऱ्याला लागली, तेव्हा ती प्रथम हेरली स्थानिकांनी. चौकशीअंती घातपाताचा संशय फोल ठरला, तरी डोळे जागे होते, हे महत्त्वाचे. सागर सुरक्षा दलात कोळी बांधवांना सामील करून घेण्यामागे हाच विचार आहे. कुलूपबंद बंगल्यांची रांग ज्या गावात वाढते, तेथे किनाऱ्यावरचे असे डोळे कमी होत जातात. बंगल्याचा कॅमेरा बंगल्याच्या फाटकापुरते पाहतो, आणि तेही मालकासाठी. गावासाठी तो आंधळाच.

याची सर्वांत करुण बाजू चौल-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या जुन्या घरांत दिसते. मुले पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. ओटीवर वृद्ध आईवडील आणि छताला कॅमेरा. मुलाचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण आई मोरीत घसरून पडली, हे बोस्टनमध्ये दिसले तरी तिला उठवायला शेजारची वहिनीच धावणार. त्या वहिनीशी मुलाची शेवटची बोलाचाली कधी झाली? कॅमेरा बसवल्यावर रोजचा फोन दोन दिवसांआड होतो, मग आठवड्यावर जातो, कारण ‘दिसते आहे ना सगळे’! कुटुंब ही पाळत ठेवण्याची व्यवस्था नव्हे.

यंत्राचा दुस्वास येथे कोणी करीत नाही. अवेळी येणाऱ्या विजेपायी रात्री-अपरात्री विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याचे हाल मोबाईल स्टार्टरने वाचविले. टाकी भरताच पंप बंद करणारा साधा फ्लोट स्विच, गॅसगळतीची सूचना देणारा भोंगा, वीज गेल्यावर कामास येणारा इन्व्हर्टर या वस्तू माणसाचे कष्ट आणि धोका कमी करतात. शिवाय त्यांपैकी कोणालाही परदेशी सर्व्हरची मनधरणी करावी लागत नाही. त्या अवश्य घ्याव्यात. कॅमेरा अगदी अपरिहार्यच असेल, तर तपासणी झालेला घ्यावा, त्याचे चित्रण घरातल्याच कार्डावर राहू द्यावे, मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे बंद पाडणाऱ्या ‘मिराई’ने असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे हाताशी धरले होते.

आणि बाकीच्या खेळण्यांवर जाणारी रक्कम? ती गावातल्या राखणदाराच्या पगारात घालावी. आज अनेक बंगल्यांवर त्याला तुटपुंज्या रकमेवर राबविले जाते, आणि त्याच्यावर नजर ठेवायला मात्र चार कॅमेरे असतात. पावसाळ्याआधी कौले चाळायची, गटारे मोकळी करायची, माडाच्या झापा उतरवायच्या, ही कामे तोच करतो. पुढल्या वादळात टेकाड चढून फोन करणाराही तोच असेल.