चार आण्यांची कोंबडी, हांगेलारच्या धावपट्टीवर

बॉनहून ऱ्हाईन ओलांडली की सांक्ट आउगुस्टिनमध्ये हांगेलारचा विमानतळ लागतो. १९०९ पासून इथे उड्डाणे चालू आहेत आणि हौशी वैमानिकांचा एक सिद्धान्तही तितकाच जुना वाटावा इतका रुळलेला आहे: नवे हलके विमान म्हणजे श्रीमंतांचा षोक, शहाण्याने जुने सेस्ना घ्यावे. इथल्या मराठी मंडळींना तो लगेच पटतो. गाडी सेकंडहँड घेतो, मग विमान का नको?

पूर्वपक्ष भक्कम आहे. नवे दोन आसनांचे अल्ट्रालाइट लाख ते दोन लाख युरोंना पडते. तेवढ्यात सत्तरच्या दशकातली दोन-तीन सेस्ना येतील. पुरावा म्हणून स्कायकॅचर या हलक्या विमानाचे नाव पुढे होते. सेस्नाने २००७ मध्ये ते १,०९,५०० डॉलरला जाहीर केले, २०११ मध्ये किंमत दीड लाखाच्या घरात नेली आणि २०१३ मध्ये गाशा गुंडाळला. न विकलेली विमाने पुढे भंगारात गेली. हे खरेच आहे. 'हलके म्हणजे स्वस्त' हे कारखानदारांचे आश्वासन फसवे निघाले. पण नव्याची किंमत चढली म्हणून जुन्याचा खर्च कसा उतरेल?

हा खर्च कुणी मांडत नाही. सेस्ना १७२ तासाला तीस-पस्तीस लिटर विमानी पेट्रोल म्हणजे अ‍ॅवगॅस पिते, लिटरला अडीच-तीन युरो. अल्ट्रालाइटमधल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचे पंधरा-अठरा लिटरांत भागते, तेही मोटारीच्या साध्या सुपर पेट्रोलवर. म्हणजे तासाला साठेक युरोंचा फरक. शिवाय अ‍ॅवगॅसमध्ये शिसे असते, आणि युरोपीय संघात १ मे २०२५ पासून त्या शिशाच्या संयुगाला खास परवानगी लागते. सेस्नाच्या इंजिनाचे ओव्हरहॉल दोन हजार तासांनी किंवा बारा वर्षांनी करावे, ही निर्मात्याची शिफारस. बिल तीस-चाळीस हजार युरो, कित्येकदा विमानाच्या किमतीएवढे. वर गंज, आणि जुन्या सांगाड्यांसाठी सेस्नानेच सांगितलेल्या जादा तपासण्या. चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला तो हाच.

आवाजाचे तर बोलायलाच नको. जर्मनीच्या १९९९ च्या नियमाने गर्दीच्या तळांवर गोंगाटी विमानांवर वेळेची बंधने आली, ती नेमकी शनिवार-रविवारच्या दुपारी, म्हणजे नोकरदाराला सवड असते तेव्हा! जुन्याला सायलेन्सर बसवता येतो. तोही मसाल्यातच धरा.

राहता राहिली सेस्ना १७२ ची चार आसने. टाक्या भरून चार धष्टपुष्ट माणसे १७२ उचलत नाही. एरवीही मागची दोन आसने बहुधा जॅकेटे ठेवायलाच असतात. अल्ट्रालाइटची वजनमर्यादा मात्र खरोखर जाचक होती. जर्मनीत ती ४७२.५ किलो होती, २०१९ मध्ये ६०० झाली. त्याआधी दोन मोठी माणसे आणि पुरेसे इंधन घेऊन वजन नियमात बसवणे ही कसरतच होती. रात्री अल्ट्रालाइटने आजही उडता येत नाही. उलट संपूर्ण विमान खाली उतरवणारे पॅराशूट त्यात सक्तीचे आहे. जुन्या सेस्नात ते क्वचितच सापडेल.

मग जुने घेणारे सगळे मूर्ख? मुळीच नाही. वर्षाला चाळीस तास एकट्याने उडणाऱ्याचे नव्या विमानात इंधनापोटी अडीच हजार युरो वाचतील आणि जादा गुंतवलेल्या लाखाचे व्याज त्याहून जास्त जाईल. त्याच्यापुरते जुनेच बरे. प्रश्न असा की एकट्याने घ्यायचेच कशाला? विमान भागीदारीत ठेवण्याची चाल जर्मनीत चांगली रुजलेली आहे. पाच-सहा जणांनी मिळून दोनशे तास उडवले, तर केवळ इंधनात वर्षाला बारा हजार युरो वाचतात आणि हँगरचे भाडे, विमा वाटला जातो. दीडशे तासांच्या पुढे माझे मत निःसंशय नव्या हलक्या विमानाला.

तरीही कुणी जुने सेस्ना 'अगदी स्वस्तात' देऊ केले, तर किंमत विचारण्याआधी इंजिनाचे तास आणि शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख विचारा.