इंग्रजीचा भाव आणि इंग्रजीच्या मास्तराचा भाव

परदेशांत जाऊन इंग्रजी शिकविण्याचा धंदा आतां पूर्वीसारखा किफायतशीर राहिला नाहीं, ही वार्ता हिंगोली जिल्ह्यांत कोणास महत्त्वाची वाटेल, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. जो जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला, ज्याची बाहेरच्या जगास ओळख औंढ्याचें ज्योतिर्लिंग, नर्सीचे नामदेव आणि वसमतची हळद एवढ्यावरच आहे, त्यास जपानांतील अगर कोरियांतील मास्तरांच्या पगाराशीं काय कर्तव्य? परंतु कळमनुरी-सेनगांवाकडचे जे तरुण इंग्रजी विषय घेऊन एम. ए. होतात, ते अलीकडे आम्हांस निकालाच्या दिवशींच विचारतात, "सर, येथें कांहीं खरें नाहीं; बाहेर जावें काय?" या प्रश्नास उडवाउडवीचें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. म्हणून आम्हीं या विषयाचा थोडा शोध घेतला, आणि त्यांतून जो सिद्धान्त आमच्या हातीं लागला तो असा, कीं इंग्रजी भाषेचा भाव जसजसा चढत जातो तसतसा ती शिकविणाराचा भाव उतरत जातो. आणि ही गोष्ट टोकियोंत जितकी खरी आहे तितकीच हिंगोलींतही खरी आहे.

प्रथम जपानकडे पाहूं. परदेशी पदवीधरांस आपल्या शाळांतून सहाय्यक शिक्षक म्हणून बोलावण्याची एक मोठी योजना जपान सरकारनें १९८७ सालीं सुरू केली; 'जेट' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. या योजनेंतील शिक्षकास कर वजा जातां वर्षास सुमारें ३६ लाख येन पडत, आणि हा आंकडा वर्षानुवर्षें जागचा हलला नाहीं. पुढें २०१२ सालीं तो हलला, पण खालच्या बाजूस. नवागताचें पहिल्या वर्षाचें वेतन ३३ लाख ६० हजार येन ठरलें, आणि करही त्यांतूनच कापला जाऊं लागला. त्या सालीं एका डॉलरास सुमारें ८० येन पडत. २०२४ च्या जुलैंत ते १६० च्याही पुढें गेले. म्हणजे जें वेतन एके काळीं ४२ हजार डॉलरांचें होतें, तें येनांत एक कवडीही कमी न होतां २१ हजार डॉलरांवर आलें. २०२५ सालीं पहिल्या वर्षाचा आंकडा ४० लाख २० हजार येनांपर्यंत वाढविण्यांत आला हें खरें. परंतु मधल्या काळांत येनाचें जें मोल गेलें तें या वाढीनें भरून निघत नाहीं.

ही झाली सरकारी योजनेची कथा. खाजगी शिकवण्यांची कथा याहून करुण आहे. 'नोव्हा' नांवाची इंग्रजी शिकवण्यांची प्रचंड पेढी २००७ च्या ऑक्टोबरांत बसली, तेव्हां हजारों परदेशी शिक्षकांचे पगार तिच्याबरोबर बुडाले. चीननें २०२१ च्या जुलैंत खाजगी शिकवण्यांस लगाम घातला आणि परदेशांत बसून दूरदर्शी यंत्रावरून चिनी मुलांस शिकविणाऱ्या मास्तरांचा व्यवसाय एका हुकुमानें संपविला. त्या हुकुमाचे हेतु कांहींही असोत. ज्यांचें पोट त्या कामावर होतें त्यांस विचारावें असें कोणास वाटलें नाहीं, एवढें मात्र निश्चित.

या घसरणीची कारणमीमांसा करतांना कांहीं पंडित मागणी आणि पुरवठा यांचा सुप्रसिद्ध नियम पुढें करतात. इंग्रजी जाणणारे फार झाले म्हणून त्यांची किंमत उतरली, असें त्यांचें म्हणणें. हा नियम खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं; तो येथें अपुरा पडतो असें म्हणतों. जपाननें २०२० सालीं पांचवी-सहावीच्या वर्गांत इंग्रजी हा रीतसर विषय केला; म्हणजे मागणी वाढली. मागणी वाढूनही शिक्षकाच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं, याचें कारण मधल्या दलालींत आहे. तेथील अनेक शिक्षणमंडळें शिक्षक स्वतः नेमीत नाहींत. ठेकेदार कंपन्यांकडून मागवितात, आणि ठेका बहुधा ज्याची बोली कमी त्यास मिळतो. रस्त्याच्या खडीचा ठेका ज्या रीतीनें दिला जातो त्याच रीतीनें वर्गांतील मास्तराचा ठेका दिला, तर मास्तराचा भाव खडीच्या भावानें ठरावा यांत नवल तें कोणतें?

दुसरें एक कारण याहून खोल आहे. दक्षिण कोरियांत इंग्रजी शिकविण्याचा सर्वसाधारण परवाना अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसच मिळतो, आणि त्यासाठीं पदवी कोणत्याही विषयाची चालते. प्राणिशास्त्राचा पदवीधर असो कीं हिशेबनिसाचा, तो योग्य भूमीवर जन्मला म्हणजे पुरे. भारत व कोरिया यांच्यामधील करार १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आल्यावर आपल्या लोकांस हें दार थोडें किलकिलें झालें. परंतु भारतीयापाशीं अध्यापनाची अधिकृत सनद असावी लागते. बाह्यतः ही अट केवळ भारतीयांचा अपमान करणारी दिसते. आमच्या मतें तिनें सर्वांचाच अपमान केला आहे. ज्या व्यवसायांत जन्मस्थान हीच पात्रता, त्यांत ज्ञान मोजण्याचें मापच उरत नाहीं. आणि ज्या वस्तूचें माप नाहीं तिचा दर वाटेल तेव्हां उतरवितां येतो. गोऱ्या मास्तरास कालपर्यंत जो अधिक पगार मिळाला तो त्याच्या विद्येचा नव्हता, म्हणूनच तो आज काढून घेतां येत आहे.

येथें आमचे कांहीं स्वदेशाभिमानी मित्र टाळी वाजवितील. "गोऱ्याचा भाव उतरला ना? बरें झालें!" त्यांच्या आनंदाचें मूळ आम्ही जाणतों. एल्फिन्स्टन व डेक्कन या कॉलेजांत वर्ड्स्वर्थ, सेल्बी यांच्यासारखे विलायतेहून आलेले प्राध्यापक शिकवीत, आणि त्याच सरकारच्या नोकरींतील एतद्देशीय प्राध्यापकास त्याच कामाबद्दल कमी वेतन असे, हा इतिहास आहे. जगदीशचंद्र बोस १८८५ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत रुजू झाले तेव्हां त्यांनीं हा भेद मान्य केला नाहीं; तीन वर्षें काम केलें, परंतु वेतन घेतलें नाहीं, आणि अखेर सरकारास त्यांची बाकी पूर्ण दरानें द्यावी लागली. पण या प्रसंगाचा खरा अर्थ काय? गोऱ्या सहकाऱ्याचा पगार माझ्याइतका कमी करा, अशी मागणी बोसांनीं केली नव्हती. माझा पगार त्याच्याइतका करा, अशी केली होती. समतेचे हे दोन मार्ग आहेत. एक वर चढविणारा आणि दुसरा खालीं ओढणारा. आज जगांत जी समता येत आहे ती दुसऱ्या मार्गानें येत आहे, आणि तिच्या स्वागतास टाळ्या वाजविणारे आपल्याच पायांखालची शिडी खालीं खेंचीत आहेत. इथियोपियांत हैले सेलासीच्या अमदानीपासून कित्येक भारतीय शिक्षकांनीं वर्गच्या वर्ग घडविले. परदेशी मास्तराचा पगार उतरला म्हणजे तो अशा आमच्या माणसाचाही उतरतो. किंबहुना शेवटच्या पायरीवर उभा असल्यामुळें त्याचा आधीं उतरतो.

तर मग आमच्या विद्यार्थ्यानें घरींच रहावें काय? आतां घराकडे वळूं, आणि येथें लेखणी अधिक कडक धरली पाहिजे. कारण परक्यांच्या दोषावर बोलणें सोपें असतें.

२००० साल महाराष्ट्राच्या शिक्षणांत दोन गोष्टींसाठीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या सालीं राज्य सरकारनें पहिलीपासून इंग्रजी हा विषय सर्व शाळांत सुरू केला. आणि त्याच सालीं 'शिक्षणसेवक' ही पदवी निर्माण करून नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें वेतनाऐवजीं मानधनावर राबविण्याची प्रथा पाडली. एका हातानें मुलांच्या पाटीवर नवी भाषा ठेवली आणि दुसऱ्या हातानें ती शिकविणाराच्या ताटांतील भाकरी कमी केली. प्राथमिक शाळेंतील शिक्षणसेवकास २०२३ च्या आरंभापर्यंत महिना ६,००० रुपये मिळत. मग ते १६,००० झाले. वाढ झाली याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. परंतु सहा हजारांत एक पदविकाधारक मनुष्य घरभाडें देऊन, आईबापांस सांभाळून मुलांस परकी भाषा प्रेमानें शिकवील, ही अपेक्षा इतकीं वर्षें ज्यांनीं बाळगली त्यांच्या कल्पनाशक्तीची आम्हांस असूया वाटते.

महाविद्यालयांची स्थिति याहून चमत्कारिक आहे. तेथें कायम प्राध्यापक निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते, आणि त्याचे तास एम. ए., नेट, सेट, क्वचित् पीएच. डी. झालेल्या तरुणास 'तासिका तत्त्वावर' दिले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ च्या जानेवारींत अशा अभ्यागत अध्यापकास तासास १,५०० रुपये आणि महिन्यास अधिकांत अधिक ५०,००० रुपये द्यावे असें ठरविलें. आमच्या राज्यानें २०२२ सालीं दर वाढविला तो पदवीच्या वर्गांस तासास ९०० रुपयांपर्यंत. आतां हिशेब करूं. आठवड्यास नऊ तास मिळाले असें धरलें तर चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये होतात. हा आंकडा ऐकून एखादा सद्गृहस्थ म्हणेल, "ठीक आहे कीं!" त्यास आमची विनंति अशी, कीं त्यानें दिवाळीची सुटी, परीक्षेचे दिवस आणि उन्हाळा यांचे महिने मोजावे, त्या दिवसांत तास नसतो, आणि जेथें तास नाहीं तेथें रुपया नाहीं. शिवाय हा पैसा दरमहा हातीं येईल याचीही शाश्वति नसते. त्याच वर्गांत, त्याच पुस्तकावर शिकविणारा कायम सहाय्यक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाप्रमाणें ५७,७०० रुपये मूळ वेतनावर आरंभ करतो, आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस दोन दर! बोसांच्या वेळीं भेद कातडीच्या रंगावरून होता. आज तो नेमणुकीच्या कागदाच्या रंगावरून आहे, एवढाच काय तो फरक. आणि आम्ही, भिंतीच्या सुरक्षित बाजूस बसलेले प्राध्यापक, या भेदाविषयीं सभेंत ठराव करतों आणि चहा पिऊन घरीं जातों.

या ठिकाणीं एक आक्षेप हमखास येतो, आणि तो थोर नांवाआडून येतो म्हणून त्याचा परामर्श घेतला पाहिजे. गोपाळराव गोखले फर्ग्युसन कॉलेजांत पंचाहत्तर रुपयांवर अनेक वर्षें शिकवीत होते. मग आजच्या तरुणास पगाराची एवढी मातब्बरी कां? उत्तर सरळ आहे. गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होते. संस्था कशी चालवावी हें ठरविणाऱ्यांत त्यांचा हात होता. पुढल्या वर्षीं आपणांस बोलावतील कीं नाहीं ही चिंता त्यांस नव्हती. आणि तो अल्प पगार त्यांनीं आपखुषीनें पतकरला होता. आजच्या तासिकेवरील मास्तरास संस्थेच्या कारभारांत बसावयास खुर्ची नाहीं, जूनमध्यें बोलावणें येईल याचा भरंवसा नाहीं, आणि नाहीं म्हणण्याची सोय नाहीं. जो स्वतः करतो तो त्याग. जो दुसऱ्याकडून करवून घेतला जातो त्यास मराठींत वेठ असें नांव आहे. वेठीवर त्यागाची शाल पांघरून सत्कार करण्याची ही रीत आतां तरी थांबली पाहिजे.

दोष केवळ सरकारचा आणि संस्थाचालकांचा, असें म्हणून सुटतां येत नाहीं. हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्या घरांसही आमचें कांहीं सांगणें आहे. आपण मुलास इंग्रजी शाळेंत घालतां तेव्हां शाळेची इमारत पाहतां, बस दारापर्यंत येते कीं नाहीं हें विचारतां, गणवेश कोठें मिळतो याची चौकशी करतां, आणि फी कितीही असली तरी कर्ज काढून भरतां. परंतु या फींतील किती रुपये वर्गांत उभ्या असलेल्या बाईंच्या हातीं पडतात, हा प्रश्न आपणांपैकीं किती जणांनीं विचारला? भाजी घेतांना शेतकऱ्यास काय मिळालें असेल याची हळहळ करणारें आमचें सुशिक्षित मन मुलाच्या मास्तराविषयीं मात्र मुकें होतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? जो स्वतः दर जूनमध्यें दुसऱ्या कामाच्या शोधांत असतो, तो आपल्या मुलास भाषेवर स्थिर प्रेम करावयास कोठून शिकविणार?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही जें उत्तर देतों तेंच येथें लिहितों. बाहेर जावयाचें असेल तर जग पाहावयास जा, वाटेल तेवढें शिका. परंतु तेथें मास्तराचा मान ठेवला आहे या समजुतीनें जाऊं नका. दुरून डोंगर साजरे दिसतात, आणि त्या डोंगराची माती सध्यां खचत आहे. आणि येथें राहिलांत तर दरांची वाढ ही भीक म्हणून मागूं नका. रिकाम्या जागा भरा, तोंपर्यंत समान कामास समान मोबदला द्या, तो बारा महिने द्या आणि दरमहा ठरल्या दिवशीं द्या, अशी रोकडी मागणी करा. कायम प्राध्यापकांनीं या मागणीवर प्रथम सही केली पाहिजे, कारण उद्यां त्यांच्याही जागा तासांत मोडून विकल्या जाणार आहेत. आणि वाचकांपाशीं आमचें मागणें एवढेंच, कीं येत्या जूनमध्यें प्रवेशाचा अर्ज भरतांना खिडकीपलीकडच्या कारकुनास एक प्रश्न विचारावा: "येथील इंग्रजीच्या शिक्षकांस पगार काय देतां?" पहिल्या दिवशीं कारकून हंसेल. परंतु शंभर पालकांनीं तोच प्रश्न विचारला, तर संस्थेच्या चिटणिसास उत्तर तयार ठेवावें लागेल.