धीर हवा, हक्कही हवा

छातीत एकाएकी धडधड सुरू होते, श्वास पुरेनासा होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता मरण आले, या भावनेने माणूस ग्रासला जातो. या भयाच्या झटक्याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. हा सुखवस्तूंचा चोचला आहे, असा समज पुरोगामी चळवळीतही आढळतो. तो चुकीचा तर आहेच, घातकही आहे. भय वर्ग पाहून येत नाही. मात्र त्याचा सामना कोणी साधनांनिशी करायचा आणि कोणी एकट्याने, हे वर्गच ठरवतो.

संकटकाळी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होणारी शरीराची यंत्रणा संकट नसतानाच जागी होते, हे या झटक्याचे मर्म. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली त्यातील दुष्टचक्र उलगडून दाखवले. साध्या धडधडीचा अर्थ मृत्यू असा लावला जातो, त्याने भय वाढते आणि भयाने धडधड वाढते. हे चक्र तोडण्याचे उपाय बिनखर्चाचे आहेत. धापा टाकू नयेत; त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर व मुंग्या वाढतात. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. पाय जमिनीवर टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत. झटका बहुधा काही मिनिटांतच शिखर गाठून ओसरू लागतो, हे स्वतःला बजावावे. शक्यतो जागा सोडून पळू नये. नाहीतर पुढे लोकल, बाजार, सभा, सारेच टाळण्याची सवय जडते. छातीतील वेदना प्रथमच उद्भवली असेल, तर मात्र तत्काळ इस्पितळ गाठून हृदयविकार नसल्याची खात्री करून घ्यावी.

हे सारे कार्यकर्त्यांनी शिकावे आणि वस्तीत शिकवावे. क्रांती झाली की मनाचे विकार आपोआप मिटतील, असे म्हणत बसणे ही जबाबदारी टाळण्याची पळवाट आहे. या विकाराला शरीराची आणि आनुवंशिकतेचीही कारणे असतात. परंतु श्वासोच्छ्वास शिकवला की काम संपले, असे मानणे ही दुसरी पळवाट होय. ती मालकवर्गाला फार सोयीची आहे. कंत्राटी कामगाराला उद्याच्या रोजगाराची शाश्वती द्यायची नाही आणि तो खचला की त्याला प्राणायामाचा उपदेश करायचा! अनिश्चिततेतून होणारा नफा मालकाचा आणि तिची किंमत कामगाराच्या काळजाने मोजायची, असा हा हिशेब आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. त्यानंतर तीन दशकांनी, २०१५-१६ साली, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत पाहणी केली. निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते, असे तीत आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्यापाशी तसे कार्ड असो वा नसो, हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. प्राथमिक आरोग्यकेंद्रातही ही सेवा असावी, असे कायदा सांगतो. १४४१६ या क्रमांकावरील टेलिमानस ही शासकीय सेवा २०२२ पासून दूरध्वनीवर सल्ला देते. तिचा उपयोग जरूर करावा. परंतु दूरध्वनी हा दवाखान्याला पर्याय नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात जाऊन विचारावे: मानसोपचार देणारे कोण आहे? कोणत्या दिवशी येतात? औषधे मिळतात काय? उत्तर नकारार्थी आले, तर तो मोर्चाचा विषय आहे. संपाच्या काळात संघटना कामगाराच्या चुलीची काळजी वाहते. त्याच्या मनाची काळजीही त्याच कर्तव्याचा भाग आहे. झटका आलेल्या साथीजवळ बसून त्याला धीर देणे आणि त्याच्या उपचाराच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरणे, ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येणार नाहीत.