करार वाचायला चौदा दिवस

घरपोच खाणे आणि पार्सले पोचवणाऱ्या कामगारांसाठी कर्नाटक सरकारने २०२५ च्या मे महिन्यात वटहुकूम काढला. पुढे विधिमंडळाने विधेयक संमत केले आणि त्याचा कायदा झाला. राजस्थानने २०२३ मध्ये असा कायदा केला होता, त्यानंतर कर्नाटक. स्विगी, झोमॅटो, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, ओला, उबर अशा कंपन्यांनी कामगाराला दिलेल्या प्रत्येक मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क भरायचे आणि ते मंडळाकडे जमा व्हायचे, ही त्यातली ठळक गोष्ट. आपल्याकडे चर्चा झाली ती एवढ्याच टक्क्यांची. मला त्यातले दुसरे कलम अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्याकडे बेळगाव-निपाणी भागात कुणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

ते कलम कराराचे आहे. कंपनीचा कामगाराशी होणारा करार सोप्या भाषेत हवा. तो कन्नड, इंग्रजी किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कामगाराला येणाऱ्या भाषेत उपलब्ध हवा. अटी बदलायच्या असतील तर किमान चौदा दिवस आधी कळवायला हवे. कामावरून काढायचे तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस हवी. मराठी आठव्या परिशिष्टात आहे, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. सरकारी परिपत्रके आणि उतारे मराठीतून मिळावेत म्हणून आपण किती वर्षे अर्ज करतो आहोत. इथे खाजगी कंपनीकडून मराठी करार मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. टिळकवाडीत किंवा निपाणीच्या बसस्थानकाजवळ दुचाकीवर थांबलेल्या पोरांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

आता प्रश्न असा की या चौदा दिवसांत त्या पोराने करायचे काय. करार वाचायचा, पटला तर मोबाईलवर 'मान्य' दाबायचे, नाही पटला तर काम सोडायचे. तिसरा मार्ग नाही. 'ही अट बदला' असे म्हणायला समोर माणूसच नाही.

तिसरा मार्ग कसा असतो ते अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीत पाहायला मिळाले. तिथे टीमस्टर्स या संघटनेचे २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजार सभासद होते. जुना करार ३१ जुलै २०२३ ला संपणार होता. जूनमध्ये सभासदांनी ९७ टक्के मतांनी संपाची परवानगी देऊन ठेवली आणि २५ जुलैला कंपनी व संघटना यांचा मसुदा ठरला. पण पुढाऱ्यांनी सही केली म्हणजे करार झाला असे नाही. मसुदा सभासदांपुढे गेला आणि ऑगस्टमध्ये जवळपास तीन आठवडे मतदान चालले. अर्धवेळ कामगारांना ताशी किमान २१ डॉलर ठरले होते. त्यांच्यातल्या अनेकांना २५ हवे होते, आणि 'नाही म्हणा' असा प्रचारही झाला. शेवटी ८६.३ टक्के मते बाजूने पडली. गंमत पुढे आहे. फ्लोरिडातल्या १७४ सभासदांना लागू होणारी एक स्थानिक पुरवणी नामंजूर झाली, आणि तिची फेरवाटाघाट होईपर्यंत अख्ख्या देशाचा करार अडून राहिला.

तिथेही सारे आलबेल होते असे नाही. त्याआधीच्या, २०१८ च्या कराराला ५४ टक्के मते विरोधात पडली होती. पण मतदान निम्म्याहून कमी झाले तर करार फेटाळायला दोन तृतीयांश मते लागतील, असा संघटनेचाच नियम होता. मतदान झाले ४४ टक्के. पुढाऱ्यांनी नियमावर बोट ठेवून करार लागू केला. त्या करारात नव्या चालकांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी होती. सभासदांचा राग इतका की २०२१ मध्ये तो नियम गेला, त्याच वर्षी नवे नेतृत्व निवडून आले आणि २०२३ च्या करारात ती श्रेणीही गेली. आणि हेही सांगितले पाहिजे की २०२५ च्या एप्रिलमध्ये याच कंपनीने २० हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. चांगला करार म्हणजे नोकरीची हमी नव्हे.

आपल्याकडचा हिशेब मांडू. बँकेत उभी हयात गेल्यामुळे आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. समजा, एक जण दिवसाला २५ फेऱ्या करतो आणि फेरीला सरासरी ३० रुपये मिळतात. म्हणजे ७५० रुपये, पेट्रोल आणि गाडीचा हप्ता वजा न करता. कल्याण शुल्क एक टक्का धरले तर कंपनी त्याच्या नावे साडेसात रुपये भरेल, पाच टक्के धरले तर साडेसदतीस. आता कंपनीने फेरीचा दर फक्त दोन रुपयांनी उतरवला, तर त्याचे दिवसाचे पन्नास रुपये गेले. कायद्याने लावलेले सर्वांत जास्त शुल्कही या दोन रुपयांपुढे कमी पडते. आणि दर ठरवण्यावर या कायद्याचे नियंत्रण नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली परिसरात ब्लिंकिटने फेरीचा मूळ दर २५ वरून १५ रुपयांवर आणून अंतराचे पैसे वेगळे धरले, तेव्हा पोरांनी काम बंद केले, अनेक गोदामे काही दिवस बंद राहिली. मतपेटी नसली की 'नाही' असे रस्त्यावर सांगावे लागते.

निपाणीकरांना यात नवे काही वाटू नये. बिडीची मजुरी हजारावर मोजली जाते, फेरीचा दर त्याच जातीचा. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, त्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले आणि 'छाट' किती काढावी यालाही मर्यादा आली. १९७६ मध्ये उपकर आणि कल्याण निधी आला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. आजच्या कल्याण शुल्काचा तो थोरला भाऊच. पण २०१७ मध्ये जीएसटी आला, बिडीवरचा उपकर रद्द झाला आणि निधीचा झरा आटला. कायद्याने दिलेला निधी कायद्याने जातो. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांचे तसे नव्हते. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या चिकोडी तालुका कामगार महासंघात त्या एकवटल्या, संप केला आणि मालकांना बोलायला भाग पाडले. त्यांच्यावर युगांतर या महिला गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा लघुपट केला. लिहिता-वाचता न येणाऱ्या कित्येक जणी त्यात होत्या, पण कुठली अट मान्य आणि कुठली नाही हे त्यांना नेमके ठाऊक होते.

बँकांतला आमचा मार्ग यांच्या मधला. १९६६ पासून आमच्याकडे द्विपक्षीय करार होत आले. बारावा ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्के वाढीचा, १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू. सभासदांचे गुप्त मतदान आमच्यात होत नाही. पुढारी सही करतात, आम्ही परिपत्रक वाचून थकबाकी काढत बसतो. तरी समोर बसून बोलणारी संघटना होती म्हणून शाखेतल्या शिपायापासून सगळ्यांना एकच दर मिळाला. एकट्याने व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये जाऊन तो कुणाला मिळाला असता असे मला वाटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार ज्या संघटनेत आहेत तिला वाटाघाटीचा अधिकार मान्य केला आहे. पण गिग कामगाराची व्याख्या आहे ती सामाजिक सुरक्षा संहितेत. म्हणजे विमा आणि मदत मिळू शकेल, वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची मात्र मिळत नाही. कर्नाटकाच्या कायद्यातही ती नाही. माझ्या मते खरी उणीव हीच, आणि शुल्क एकाचे दोन टक्के करून ती भरून निघणारी नाही.

तोवर हातात आहेत ते चौदा दिवस. अटी बदलल्याची सूचना आली की त्याच दिवशी जुन्या आणि नव्या दराचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कारण ॲपवरचा जुना दर नंतर दिसेलच असे नाही. मराठी प्रत लेखी मागावी, ईमेल केला तरी चालेल, उत्तर जपून ठेवावे. एका ठिकाणी थांबणाऱ्या पोरांनी हिशेब एकत्र बसून करावा, पेट्रोल, टायर, हप्ता सगळे धरून. मंडळाच्या सभागृहात एखाद्या रविवारी सकाळी असा करार मोठ्याने वाचून दाखवता येईल. आपल्यात निवृत्त बँकवाले आहेत, वकील आहेत, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारे शिक्षक आहेत. रविवारी दुपारी ऑर्डरी जास्त असतात, तेव्हा वेळ मात्र त्या पोरांना विचारून ठरवावी.